बायची कपबशी

आमच्या आईच्या तोंडात शिव्या भरपूर होत्या, पण त्या ती कुणालाही वाटत नसे. ज्याच्यावर जीव असेल त्यालाच मिळायच्या. माझ्या वडिलांना ती ‘मुडद्या’ म्हणायची, मला ‘भवाने’, आणि जिच्याशी तिचं सगळ्यांत जास्त मेतकूट होतं तिला ‘मेले’. पालघरच्या कचेरीतल्या कारकुनाशी मात्र ती ‘अहो साहेब, तुमी सांगाल तसं’ असं मऊ बोलायची आणि बाहेर पडल्यावर त्याच्या सात पिढ्या काढायची. त्यामुळे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आई गोड बोलायला लागली की समजायचं, माणूस तिच्या मनातून उतरलं.

नवापूर आणि दांडीच्या मधल्या किनाऱ्यावर आमचं घर होतं. वडील होडीवर, आई मासळी सुकवून विकणारी. वाळूत बांबू रोवून त्यावर बोंबील टांगायचे, उन्हाने कडक झाले की टोपली भरून बोईसरच्या बाजारात न्यायचे, कधी पालघरपर्यंत. मी शिकून प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले होते. साठच्या दशकात आमच्या वाडीत ही मोठी गोष्ट होती. आई मला चारचौघांत ‘आमची बाई’ म्हणायची आणि घरात मासे साफ करायला बसवायची. स्वभाव मी तिचाच घेतला होता. वर्गात मुलं मला घाबरत, आणि घरी मी तिला.

ती जिला ‘मेले’ म्हणायची ती बोईसरच्या पूर्वेकडच्या डोंगरातली बाई होती. वारल्यांच्या पाड्यावर राहायची. आम्ही सगळे तिला ‘बाय’ म्हणायचो. पावसावर पिकेल तेवढी नाचणी आणि भात, बाकी जंगलातली लाकडं. दिवाळीनंतर ती डोक्यावर मोळी घेऊन यायची आणि तिच्या बदल्यात सुके बोंबील नि जवळा घेऊन जायची. मला कळायला लागलं त्याच्या आधीपासून हे चाललं होतं. देवाणघेवाण अर्ध्या तासाची, पण बाय बसायची दुपार कलेपर्यंत. दोघी ओट्याच्या कडेला बसून नवऱ्यांच्या, पोरांच्या, गुडघ्यांच्या गोष्टी बोलत. एकदा वादळात वडिलांची होडी परतली नाही, तेव्हा बाय पाड्यावर गेलीच नाही. होडी लागेपर्यंत आईजवळ बसून राहिली. तिच्या धाकट्या मुलीच्या वेळी आई सुईणीसारखी पाड्यावर जाऊन राहिली होती. अशा दोघी.

चहा व्हायचाच. बायला दूध चालत नसे. दूध वासराचं, असं तिच्या घरचे मानत. म्हणून तिच्यासाठी गुळाचा कोरा चहा. आम्हाला कपबशीत आणि बायला करवंटीत. नारळ फोडला की बरी करवंटी आई बाजूला ठेवायची. बाय चहा प्यायची, करवंटी ओट्यावर उपडी ठेवायची, आणि ती गेली की आई ती चुलीत सारायची. करवंटी छान जळते. यात काही आहे असं आमच्या घरात कुणाला कधी वाटलं नाही. सगळ्याच घरांत तसं होतं.

गंमत बघा. पालघरला एका घरी आईला टोपली पायरीखाली ठेवावी लागे आणि पाणी मागितलं तर तांब्या उंच धरून वरून ओंजळीत ओतत. त्या दिवशी घरी आल्यावर आईच्या तोंडाचा पट्टा संध्याकाळभर सुटलेला असायचा. ‘आमच्या हातची मासळी चालते, हात नाय चालत!’ असं म्हणत ती भांडी आपटायची. आणि दुसऱ्या दिवशी बाय आली की करवंटी शोधायची.

त्याच सुमारास आमच्याकडे परदेशी साहेबांच्या मदतीने होणाऱ्या मोठ्या वीज प्रकल्पाची मोजणी सुरू झाली. किनाऱ्यावर खुणेचे दगड लागले, बोईसरच्या रस्त्यावर खडी पडली. आमची मासळी सुकवायची जागा जाणार म्हणून किनारपट्टी घाबरली, आणि खडीच्या खाणीत नि रस्त्यात आपले जमिनीचे तुकडे जाणार म्हणून डोंगरपट्टी. मग दोन्हीकडच्या माणसांची एक कमिटी झाली. मागण्या साध्या होत्या. सुकवणीला जागा द्या, जमिनीला जमीन द्या, आणि कामावर आधी इथली माणसं घ्या.

सुरुवातीचे ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. अध्यक्ष एक म्हातारे बागायतदार होते, स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले, पांढरी टोपी घालणारे. त्यांचा एकच नियम होता. भांडा, पण अहोजाहो करून भांडा. आमचे होडीवाले एरवी आपल्या बापालाही अरेतुरे करणारे, पण त्या सभेत ‘अहो, तुमी साफ खोटं बोलता’ असं बोलायचे आणि स्वतःच हसायचे. डोंगरातली माणसं आधी बोलत नसत. अध्यक्ष त्यांच्याकडे वळून विचारायचे, ‘तुमचं काय म्हणणं, दादा?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. थांबता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. मी मास्तरीण असून मला ती कधी जमली नाही. बायकांच्या बाजूने आई बोलायची. ‘आता परदेशी साहेब येतील, ते गोरे, आमी काळे. त्यांच्या कुंपनाच्या भाईर आमाला उबं करतील, तर मी ते चालवून घेनार नाय,’ हे तिचं ठरलेलं वाक्य होतं आणि त्याला हमखास टाळी पडायची.

कमिटीत एक तरुण कार्यकर्ता होता. पालघरचा, कॉलेजात शिकलेला, जाड भिंगाचा चष्मा, पायात झिजलेल्या वहाणा. डोंगरातल्या पाड्यांवर पायी फिरायचा, तिथेच जेवायचा, तिथेच झोपायचा. हे मी त्याच्या बाजूचं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर रागावणार आहे. किनाऱ्यावरचे लोक नोकऱ्यांची बोलणी आपापसात उरकतात आणि डोंगरवाल्यांना फक्त मोर्चाला बोलावतात, असं त्याचं म्हणणं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं.

एका दुपारी कमिटीची बैठक आमच्या अंगणात झाली. आईने सगळ्यांना चहा केला. बायही आली होती, तिच्या पाड्यावरच्या बायकांबरोबर. कप फिरले, करवंट्या फिरल्या, आणि डोंगरातल्या बायका निघाल्या तशा करवंट्या चुलीत गेल्या. त्या कार्यकर्त्याने आपला चहा संपवला, ‘काकी, चहा फक्कड झालाय’ असं म्हणाला आणि निघून गेला. जाताना तो चुलीकडे का बघत होता ते मला नंतर कळलं.

पुढची सभा बोईसरच्या बाजाराजवळच्या मैदानात होती, खूप गर्दीची. तो बोलायला उभा राहिला आणि नोकऱ्यांवर बोलता बोलता एकदम आईकडे वळला.

‘काकी परदेशी साहेबांच्या कुंपणाच्या गोष्टी सांगतात. रंग बघून, जात बघून माणसाला लांब ठेवायचं, ह्याला जगात वर्णद्वेष म्हणतात. मग काकींच्या ओट्यावर काय चालतं? तुम्हाआम्हाला कपबशी, आणि डोंगरातल्या बाईला करवंटी! ती पिऊन गेली की करवंटी चुलीत! ह्याला काय म्हणायचं? सांगा, काकी!’

आधी कुजबुज झाली. मग मागून कुणीतरी ओरडलं, ‘वर्णद्वेषी बाईला कमिटीतून काढा!’ तो शब्द धड उच्चारता न येणारी माणसंही तो ओरडायला लागली. आमच्या बाजूचे होडीवाले उठले. अध्यक्ष हात वर करून म्हणत होते, ‘अहो, ऐका, एकमेकांना अहो म्हणा.’ कुणाच्या तरी हाताचा फटका लागून त्यांची टोपी उडाली. म्हाताऱ्याने ती वाकून उचलली, झटकली, घडी घालून खिशात ठेवली. त्यानंतर चळवळीच्या सभेत ती टोपी पुन्हा त्यांच्या डोक्यावर मी पाहिली नाही.

आणि मग आई बोलली. तिला कुणी हात धरून खाली बसवलं असतं तर बरं झालं असतं, पण तिला खाली बसवणारा अजून जन्माला यायचा होता.

‘आरं, तू कोन मला इचारनारा? हिला इचार!’ तिने आंब्याखाली बसलेल्या बायकडे बोट केलं. ‘मासळी दिली, लुगडी दिली, हिचं बाळंतपन मी केलं. आरं, या जंगलातल्या लोकांना मीच मानसांत आनलं!’

इतका गोंधळ होता, पण ते वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं. बाय उठली. रिकामी टोपली काखेला लावली आणि आमच्याकडे न बघता डोंगराच्या वाटेला लागली. तिच्या मागून तिच्या पाड्यावरच्या सगळ्या बायका गेल्या. आई बोट तसंच पुढे धरून उभी होती.

त्यानंतर चळवळीचं जे झालं ते सांगायला मला आवडत नाही. रस्त्यात भेटल्यावर राम राम करायचं बंद झालं. आमच्या कुडाच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने लिहून गेलं. आईला वाचता येत नव्हतं. ‘काय लिवलंय?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘तुझ्या शिव्यांपेक्षा वाईट.’ तिने त्यावर शेण सारवलं आणि म्हणाली, ‘भिंत सारवायला झालीच व्हती.’ आमची माणसंही मागे नव्हती. बाजारात डोंगरातल्या बायका आल्या की आमच्या कोळणी टोपलीवर फडका टाकायच्या. जे शब्द आमच्या वाडीत कुणी पोरांसमोर काढत नसे ते आता पोरंच घोषणेसारखे म्हणायला लागली. कुणाला जागा हवी होती, कुणाला नोकरी, हे मागेच पडलं. जो तो दुसऱ्याचं उष्टं शोधत होता.

मला तो कार्यकर्ता बोईसर स्टेशनच्या रस्त्यावर भेटला. मी त्याला तिथेच गाठलं. म्हटलं, ‘आमच्या अंगणात चहा प्यायलात, फक्कड म्हणालात, आणि त्याच आईला हजार माणसांत उघडं पाडलंत. ओट्यावर दोन शब्द बोलला असतात तर तोंड झिजलं असतं का तुमचं?’

तो चिडला नाही, हेच मला जास्त लागलं. म्हणाला, ‘ताई, ओट्यावर बोलायला हवं होतं, कबूल. पण चहा चांगला होता म्हणून करवंटी खोटी ठरत नाही.’

मी त्याला पुष्कळ बोलले. भर रस्त्यात बोलले. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. शाळेत पुढे कितीतरी वर्षं, कुणी मला गोड बोलून काही चुकीचं गळ्यात मारायला आलं की मला ते वाक्य उपयोगी पडलं. आज त्याचे आभार मानते. तेव्हा मात्र त्याचा चष्मा फोडावा असं वाटत होतं.

आईला कमिटीतून काढायचं की ठेवायचं यावर दोन तट पडले. तिला त्याचं काही नव्हतं. ती रोज दुपारी बोंबलांवर हात फिरवत डोंगराच्या वाटेकडे बघायची. मोळीवाल्या दुसऱ्या बायका येत होत्या, तरी ती घेत नव्हती. ‘लाकडं हायत अजून,’ म्हणायची, आणि चुलीत नारळाच्या झावळ्या घालायची. माझ्या वडिलांनी एकदा म्हटलं, ‘तिला बोलावून घे की.’ तर त्यांना शिवी मिळाली नाही. ‘तुमी जेवून घ्या,’ एवढंच म्हणाली. ते माझ्याकडे बघायला लागले. आईने त्यांना आयुष्यात कधी ‘तुमी’ म्हटलं नव्हतं.

दोन्ही बाजूंना आता बाय हवी होती. तिने सभेत उभं राहून सांगायचं. आमच्या बाजूच्या माणसांना वाटलं ती आईच्या बाजूने बोलेल, त्यांच्या बाजूच्या माणसांना वाटलं विरुद्ध. आमचे चारजण पाड्यावर निघाले तेव्हा बोलायला बरी म्हणून मला घेऊन गेले. आम्ही पोचलो तर तिकडची माणसं आमच्या आधीच अंगणात बसलेली. बाय चुलीपुढे होती.

सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तिने भाकरी उलटली. मग म्हणाली, ‘माजं नि तिचं जे काय हाय, ते मी तिला सांगेन. तुमी मदे कोन? माजी भाकर करपते. जा.’

‘पण बाय, लोकांना खरं कळायला नको का?’ त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

‘तिला कळू दे आदी,’ ती म्हणाली, आणि आमच्याकडे पाठ केली.

येताना दोन्ही बाजूंची माणसं एकाच पायवाटेने उतरत होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. मला मात्र हलकं वाटत होतं. इतक्या गदारोळात एका माणसाला तरी कळत होतं की कुठली गोष्ट कुणाशी बोलायची.

बाय आली. सकाळी उन्हं वर यायच्या वेळी, डोक्यावर मोळी. मी शाळेला निघाले होते, पण तशीच दारात थांबले. आई बोंबील टांगत होती. ती वळली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, ‘या. बसा.’

म्हणजे गोड बोलणं सुरू झालं होतं. बायनेही ते ओळखलं. मोळी उतरवत ती म्हणाली, ‘मला बसा म्हनतेस?’

आई पुन्हा पदराला हात पुसत राहिली. बाय ओट्याच्या कडेला, नेहमीच्या जागी बसली आणि सरळ सांगायला लागली. रडली नाही, आवाजही चढवला नाही.

‘त्यो पोरगा बोलला त्ये खरं हाय. मी चा पेऊन उटायचे, तवा तू करवंटी चुलीत टाकायचीस. मी वळनावर पोचायचे नि मागं बगायचे नाय. धूर दिसंल म्हनून. तुज्या पोरीच्या हातात कप बगायचे, नि मनात यायचं, मी काय इटाळाची हाय? पन तुज्या घरला यायचं मला ग्वाड लागायचं, म्हनून येत व्हते.’

‘मग इतकी वर्षं बोलली का नाय?’ आईचा आवाज चढला. ‘मला सांगायचं नाय?’

‘सांगितलं आसतं तर तू मला परत ओट्यावर येऊ दिलं आसतंस?’

आई खाली बघायला लागली. मग ती तिथेच वाळूत टेकली.

‘करवंटीचं जाऊ दे,’ बाय म्हणाली. ‘समद्याच देतात. पन तू सबेत बोललीस, मला तू मानसांत आनलं. ती बोलनी मला लागली. मी आदी कुटं व्हते गं?’

आईने तोंडात पदराचा बोळा धरला. मग एकदम चहा टाकायला म्हणून उठली, चुलीजवळ गेली, आणि फळीवर ठेवलेल्या करवंटीकडे तिचा हात सवयीने गेला. तिथेच थांबला. करवंटीही घेववेना आणि कपही. ती चुलीपुढे पाठमोरी उभीच राहिली. बायने थोडी वाट बघितली. मग मोळी तशीच ठेवून, मासळी न घेता, चहा न घेता ती गेली.

सांगते, त्या सकाळी बायचे उपकार झाले ते आमच्यावर. मैदानात हजार माणसांनी ओरडून जे आईच्या कानात शिरलं नव्हतं, ते तिने ओट्यावर बसून आत घातलं. आणि तेही भर सभेत आईची लाज काढायची आयती संधी हातात असताना.

पुढची सभा पालघरजवळ कोळगावच्या बाजूला होती. आईने मला सांगितलं, ‘भवाने, चल.’ इतक्या दिवसांनी शिवी मिळाली म्हणून मी मुकाट्याने निघाले. तिला बोलायला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपणच उठली.

‘करवंटीचं खरं हाय,’ ती म्हणाली. ‘आमच्यात समदे देतात, पन तिला दिली ती मीच, नि चुलीत टाकली ती बी मीच. मानसांत आनलं बोलले, त्ये मातर खोटं. ती आदीपासून मानूसच व्हती, मलाच दिसली नाय. आता मला काडायचं तर काडा. पन सुकवनीची जागा सोडू नका, नि डोंगरातल्यांची जमीन बी सोडू नका.’

आमचेच होडीवाले ‘गप बस, नाक कापलंस’ म्हणायला लागले. तिकडून पोरांनी टाळ्या पिटल्या आणि ‘कबूल केलं! हाकला!’ असा गिल्ला केला. आई दोन्हीकडून एकटी पडली. मी उठून तिच्याकडे जाणार एवढ्यात तो चष्मेवाला कार्यकर्ता आपली खुर्ची उचलून घेऊन आला. ती त्याने आईच्या मागे ठेवली आणि म्हणाला, ‘काकी, बसा.’ मग आपल्या पोरांकडे वळला. ‘आता जो ओरडेल तो माझा माणूस नाही.’ आणि स्वतः जमिनीवर, आईच्या पायाशी बसला. अध्यक्ष बोडक्या डोक्याने हे बघत होते. ते म्हणाले, ‘आता पुढचा विषय घेऊ या.’ एवढंच. पण ते म्हणताना त्यांचे डोळे भरले होते, हे मी जवळून पाहिलं.

तेवढ्याने सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. तुटलेलं सगळं सांधलं नाही. चळवळ पुढे रोडावली. सुकवणीची जागा सरकली, कुणाला काम लागलं, कुणाला लागलं नाही, डोंगरपट्टीला आमच्याहून कमीच मिळालं. पण बाजारात टोपलीवर फडका टाकायचं हळूहळू थांबलं. तो कार्यकर्ता पुढे आमच्याकडे चहाला यायचा आणि आईकडून ‘मुडद्या’ म्हणून घ्यायचा. त्याला वाटायचं ती अजून रागावलेली आहे. मी त्याची समजूत कधी काढली नाही. एवढी शिक्षा त्याला असू दे.

बाय मात्र येत नव्हती. आईने तिची मोळी फोडली नाही, ओट्याला उभी करून ठेवली. एका बाजाराच्या दिवशी ती बोईसरहून आली आणि टोपलीतून कागदात गुंडाळलेली कपबशी काढली. पांढरी, काठाला गुलाबी फुलं. आमच्या घरातले सगळे कप टवके उडालेले, त्यांच्यापुढे ही अगदी नवरीसारखी. आईने ती धुतली, पुसली, आणि बाकीच्या कपांच्या फळीवर न ठेवता वेगळा खिळा ठोकून शिंकाळ्यात ठेवली. ‘ही बायची. कोनी हात लावायचा नाय,’ असं घरात बजावलं. वडिलांनी एकदा चुकून घेतली तर त्यांच्यावर ओरडली.

मी बघत होते. माझ्या लक्षात आलं होतं, की करवंटी गेली आणि तिच्या जागी ही आली. हिला फक्त चुलीत टाकायचं नव्हतं. पण आई इतक्या हौसेने ती रोज पुसत होती की मी आपली वह्या तपासत बसायचे.

होळी तोंडावर आली तेव्हा बाय आली. या वेळी मोळी नव्हती, रिकाम्या हातांनी आली होती. ‘बसा,’ आई पुन्हा म्हणाली. बाय बसली. आईने गुळाचा कोरा चहा केला, शिंकाळ्यातून कपबशी काढली, चहा ओतला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

‘ही तुमची,’ ती म्हणाली. ‘खास तुमच्यासाटी आनली. दुसऱ्या कोनाला मी हिच्यात देत नाय.’

बायने कपबशी घेतली. तिची नजर शिंकाळ्याकडे गेली, मग फळीवरच्या आमच्या कपांकडे, मग परत हातातल्या फुलांकडे. तिला कळायला वेळ लागला नाही. मला वाटलं, आता ही उठणार, आणि या वेळी गेली की परत येणार नाही. आईला अजून काहीच कळलं नव्हतं. ती शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरीसारखी उभी होती.

‘माजी हाय ना ही?’ बायने विचारलं.

‘तुमचीच.’

‘माजी, तर मग मी देईन त्याला.’ तिने कपातला अर्धा चहा बशीत ओतला, कप आपल्याकडे ठेवला आणि बशी आईपुढे धरली. ‘घे.’

आई बघतच राहिली. आता तिला कळलं. तिने एकदा शिंकाळ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. कुंपणापलीकडे शेजारीण बोंबील टांगायचं सोडून बघत होती. बशी बायच्या हातात, आईच्या तोंडासमोर, आणि वाफ येत होती. मग आई मटकन तिच्या शेजारी ओट्यावर बसली, बशी घेतली आणि फुर्र करून प्यायली. बाय कपातून प्यायली.

‘गूळ कमी पडलाय,’ आई शेवटी म्हणाली.

‘पडलाय खरा,’ बाय म्हणाली.

चहा संपला. बाय सवयीने कप उपडा करायला गेली, मग थांबली, आणि कपबशी विसळायला म्हणून उठू लागली. आईने तिच्या हातातून कप हिसकून घेतला.

‘बस गं मेले,’ ती म्हणाली. ‘मी इसळते.’